छाटलं तरी जेड पुन्हा लांबतं, वाकतं, काळं पडतं? कात्री घेण्याआधी हे तपासा

जेड या मांसल पानांच्या, कुंडीतल्या शोभेच्या झाडाची तक्रार घेऊन येणाऱ्यांचं म्हणणं थोड्याफार फरकानं सारखंच असतं: "मार्चमध्ये छाटलं होतं, छान फुटलं होतं, आणि आता बघा." अशी झाडं आजवर इतकी हाताखालून गेली आहेत की आता मी छाटणीबद्दल सगळ्यात शेवटी विचारते. आधी झाडाची जागा विचारते, मग पाणी. लांबलेलं झाड छाटावं लागतंच, पण ते ज्या कारणानं लांबलं ते तसंच राहिलं तर छाटणी वाया जाते.

लक्षणं

यातली सगळी एकाच झाडात दिसतील असं नाही, पण दोन-तीन तरी दिसतात.

फांद्या लांब आणि बारीक झाल्या आहेत, पानांच्या दोन जोड्यांमध्ये बोटभर अंतर पडलंय, शेंड्याची पानं जुन्या पानांपेक्षा लहान आणि फिकट आहेत. सगळं झाड खिडकीच्या दिशेनं झुकलंय, कुंडी कलंडायला बघते. ही दोन्ही लक्षणं उजेड कमी पडल्याची.

पानं सुरकुतली आहेत. किंवा उलट, पिवळट, पाणी भरल्यासारखी, आरपार दिसतील अशी झाली आहेत आणि नुसता धक्का लागला तरी गळतात. हे पाण्याचं किंवा मुळांचं दुखणं.

छाटलेल्या जागी काळा डाग आहे आणि तो दर काही दिवसांनी थोडा खाली उतरतो. इथे चुकीचा हंगाम, बोथट हत्यार किंवा कुजण्याचा रोग यांपैकी काहीतरी आहे.

पानांच्या बगलेत पांढरा कापूस दिसतो, कुंडीवर मुंग्यांची रांग आहे. ही कीड.

आधी झाड ओळखा

आपल्या नर्सऱ्यांमध्ये 'जेड' या एकाच नावाखाली दोन वेगळी झाडं विकली जातात. एकाची पानं जाड, गुळगुळीत, दोन-तीन इंच लांब आणि खोड हिरवट-करडं, मांसल असतं. हे क्रॅसुला ओव्हाटा. दुसऱ्याची पानं नखाएवढी, गोलसर आणि फांद्या तांबूस-तपकिरी असतात. हे पोर्टुलाकारिया आफ्रा, ज्याचा बोन्साय आपल्याकडे खूप लोक करतात. दोन्ही मूळची दक्षिण आफ्रिकेची, दुसरं तर तिथल्या हत्तींचं आवडतं खाणं.

ओळख पटवायची कारणं साधी आहेत. पोर्टुलाकारिया पाण्याच्या चुका थोड्या जास्त सहन करतं आणि छाटल्यावर लवकर दाट होतं. क्रॅसुलाचं खोड जास्त मांसल, त्यामुळे काप सुकायला वेळ लागतो आणि कुजण्याचा धोका अधिक. शिवाय क्रॅसुलाच्या नुसत्या पानापासूनही नवं झाड होतं, पोर्टुलाकारियाची मात्र फांदी लावणंच खात्रीचं. म्हणजे छाटलेलं काय जपायचं आणि काय टाकायचं, तेही यावरूनच ठरतं.

पहिली तपासणी: उजेड

याला एक पैसाही लागत नाही, आणि बहुतेक झाडांचं उत्तर इथेच सापडतं.

फांदी बुडाकडून शेंड्याकडे नीट बघत जा. पानं जिथून फुटतात किंवा गळून गेलेली असतात तिथे खोडावर बारीक गोल वळं दिसतं. पेरंच म्हणा ना. क्रॅसुलाच्या फांदीवर ही वळी अगदी स्पष्ट असतात. बुडाशी ती जवळजवळ असतील आणि वर जाताना एकदम लांब लांब झाली असतील, तर जिथून अंतर वाढलं तिथून झाडाला उजेड कमी पडायला लागला. पुन्हा वर अंतर कमी झालं असेल तर मधल्या काळात झाड उन्हात होतं. घरातल्या कुणाला विचारायची गरज नाही, झाड कधी कुठे होतं ते फांदीवर दिसतं.

"दक्षिणेच्या गॅलरीत आहे, ऊन कमी कसं?" हे मला हमखास ऐकावं लागतं. डिसेंबरात दक्षिणेच्या गॅलरीत ऊन पार आत, फरशीवर येतं, हे खरं. पण मुंबई-पुण्याकडे मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, आणि दुसरा जुलैच्या अखेरीस. या दोन दिवसांच्या मध्ये दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो. म्हणजे त्या अडीच महिन्यांत दक्षिणेच्या गॅलरीत थेट ऊन जवळपास येतच नाही, वरच्या मजल्याचा स्लॅब उरलंसुरलं अडवतो, आणि जूनपासून ढग असतातच. मार्चमध्ये छाटलेलं झाड ऑगस्टपर्यंत लांबट होतं ते असं. माणसानं काहीच बदललेलं नसतं, ऊन सरकलेलं असतं.

झाडाला दिवसाचं किमान चार तास थेट ऊन मिळेल अशी जागा बघा. पूर्वेची गॅलरी उत्तम. गॅलरी नसेल तर खिडकीच्या अगदी काचेशी, कारण खोलीत तीन-चार फूट आत गेलं की उजेड आपल्या डोळ्यांना वाटतो त्यापेक्षा कितीतरी घटतो. पावसाळ्यापुरता साधा पांढरा एलईडी दिवा झाडापासून फूटभर वर, रोज दहा-बारा तास लावला तरी चांगला फरक पडतो. कुंडी आठवड्याला पाव वळसा फिरवा, म्हणजे झाड एकाच बाजूला झुकत नाही.

घरातलं झाड उचलून थेट गच्चीवर नेऊ नका. सावलीत वाढलेली पानं कडक उन्हात भाजतात, त्यांवर तपकिरी, खरबरीत चट्टे पडतात आणि ते परत जात नाहीत. आठ-दहा दिवस थोडं थोडं ऊन वाढवत न्या.

उजेड आधी आणि छाटणी नंतर, हा क्रम मी कधीच बदलत नाही. अंधाऱ्या जागी शेंडा छाटला तर एका लांबट फांदीच्या जागी दोन लांबट फांद्या येतात, त्याही पहिलीपेक्षा बारीक. म्हणून जागा बदलून दोन-तीन आठवडे थांबा. शेंड्याची नवी पानं जवळजवळ आणि जाड यायला लागली की मग कात्री. एकदा लांबलेलं पेर मात्र पुन्हा आखूड होत नाही, त्यामुळे छाटणी टळत नाही, फक्त पुढे जाते.

दुसरी तपासणी: पाणी

सकाळी तुळशीला पाणी घालताना ओघानं जेडलाही घातलं जातं. सवय चांगली, झाड चुकीचं. जेडसारखी झाडं पानांवरची छिद्रं दिवसा मिटून घेतात आणि मुख्यतः रात्री उघडतात, म्हणून त्यांचं पाणी फार कमी उडतं. पावसाळी दमट हवेत तर आणखी कमी. रोजचं पाणी मग कुंडीतच साचून राहतं आणि मुळांना हवा मिळत नाही.

जळून गेलेल्या उदबत्तीची काडी कुंडीत तळापर्यंत खुपसा, पाच मिनिटांनी काढून बघा. काडी ओलसर आली किंवा तिला माती चिकटली तर पाणी नको. वरची माती कोरडी दिसते म्हणून फसू नका, खाली चिखल असू शकतो. कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्यायची सवय लागली की काडीही लागत नाही.

सुरकुतलेल्या पानांपाशी बहुतेकजण चुकतात. सुरकुती तहानेनं येते, तशीच मुळं कुजल्यावरही येते, कारण कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. काडी कोरडी असेल तर भरपूर पाणी घाला, तळाच्या भोकातून वाहून जाईपर्यंत. दोन-तीन दिवसांत पानं पुन्हा टणक झाली तर ती तहान होती, विषय संपला. माती ओली असूनही पानं मऊ आणि सुरकुतलेली असतील तर आणखी पाणी घालणं म्हणजे झाड मारणं. अशा वेळी सरळ खाली मुळांच्या तपासणीकडे जा.

कुंडीखालची ताटली पाणी दिल्यावर अर्ध्या तासात रिकामी करा, त्यात डासही होतात. दिवाळीत किंवा वास्तुशांतीला भेट आलेल्या चिनी मातीच्या कुंडीला तळाला भोक आहे का, ते बघाच. बऱ्याचदा नसतं. वर पांढरे गोटे गोंदानं चिकटवलेले असतात, त्यांच्याखाली माती आठवडेच्या आठवडे ओली राहते आणि कुणाला कळत नाही. गोटे काढून टाका, झाड भोक असलेल्या मातीच्या कुंडीत हलवा.

तिसरी तपासणी: कीड

पान आणि खोड जिथे जुळतात तिथली बगल उजेडात धरून बघा. पांढऱ्या कापसाच्या पुंजक्यात तांदळाच्या कणीपेक्षाही लहान, पिठूळ, लांबट किडे दिसले तर ते पिठ्या ढेकूण, म्हणजेच मिलीबग. ते रस शोषतात, गोड चिकट पाणी सोडतात आणि त्या चिकट्यासाठी मुंग्या येतात. मुंग्यांची रांग दिसली की कीड शोधा, सापडतेच.

कान साफ करायच्या कापसाच्या काडीला मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट लावून प्रत्येक पुंजका पुसून काढा. आठवड्यानं पुन्हा, त्यानंतर आणखी एकदा, कारण अंड्यांतून नवी पिल्लं येत राहतात. नीम तेलाचा सरसकट फवारा जेडवर मारू नका. पानांवरचा मेणचट थर तेलानं खराब होतो आणि पानं डागाळतात, कधी गळतात. वापरायचंच असेल तर एका पानावर लावून तीन-चार दिवस वाट बघा.

छाटणीच्या आधी कीड संपवा. कोवळी फूट ही मिलीबगची सगळ्यात आवडती जागा, कीड असताना छाटलं की नवा कोंब वाकडातिकडा येतो.

चौथी तपासणी: कॅलेंडर

जून ते सप्टेंबर जेड छाटायचं नाही. कापलेली जागा सुकून तिच्यावर खपली धरायला कोरडी हवा लागते. पावसाळ्यात काप दिवसेंदिवस ओला राहतो आणि बुरशीला आत जायला वाट मिळते. छाटलेल्या जागी काळं पडून ते खाली उतरतंय अशी जी झाडं माझ्याकडे येतात, त्यांतली बरीचशी भर पावसात छाटलेली असतात.

पुणे, नाशिक, मराठवाड्याकडे फेब्रुवारी-मार्च चांगला, आणि पाऊस परतल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबर. कोकणात आणि गोव्यात दमटपणा लवकर हटत नाही, तिथे दिवाळी होऊ द्या. विदर्भातल्या मे महिन्यात अजिबात नको. त्या उन्हाळ्यात वाढ थंडावते आणि आतली, सावलीतली पानं एकदम उघडी पडून भाजतात.

पावसाळ्यात फांदी मोडलीच तर मोडलेली जागा धारदार पात्यानं साफ कापा आणि कुंडी आठवडाभर पावसापासून दूर, वाऱ्याच्या जागी ठेवा.

आता छाटणी

हत्यार धारदार हवं. द्राक्षबागेत वापरतात ते सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, चालतं, पण पातं बोथट असेल तर जेडची मांसल फांदी कापली न जाता चिरडते, आणि चिरडलेला भाग कुजतो. बारीक फांद्यांना पेपर कटरचं नवं पातं मला जास्त बरं वाटतं. आधी पातं स्पिरिटनं पुसा. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना परत पुसा.

कुठे कापायचं ते त्या वळ्यावरून ठरतं. प्रत्येक वळ्यापाशी समोरासमोर दोन डोळे, म्हणजे न फुटलेले कोंब, झोपलेले असतात. शेंडा शाबूत असेपर्यंत तो वाढीचं संप्रेरक खाली पाठवत राहतो आणि या डोळ्यांना फुटू देत नाही. शेंडा गेला की वरच्या वळ्यातले दोन्ही डोळे जागे होतात. म्हणून काप वळ्याच्या जरासा वर घ्यायचा. दोन वळ्यांच्या मधोमध कापलं तर उरलेला खुंट वळ्यापर्यंत वाळत येतो. बारीक फांदीवर वळ्याला लागून कापा. अंगठ्याएवढ्या जाड फांदीवर मात्र अर्धा-पाऊण सेंटीमीटर खुंट मुद्दाम ठेवा. तो आपोआप सुकतो आणि पुढे नुसत्या बोटानं निघतो, तोवर डोळ्यांपर्यंत ओल पोचत नाही.

पानं नसलेल्या जुन्या फांदीवर कापायला लोक घाबरतात. घाबरू नका, निरोगी असेल तर तिथल्या वळ्यातूनही फूट येते.

आधी वाळलेल्या आणि कुजक्या फांद्या काढा. मग आत वळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या. मग चार पावलं मागे जाऊन झाडाकडे बघा आणि त्यानंतरच लांबलेल्या फांद्यांना हात लावा. झुकलेल्या बाजूची लांब फांदी आखूड केली की तोल बऱ्यापैकी सावरतो. एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त झाड काढू नका. पानांमध्येच त्याचा पाण्याचा आणि अन्नाचा साठा आहे. पोर्टुलाकारिया याहून जास्त सोसतं, पण घाई कशाला?

कापांवर हळद किंवा दालचिनीची पूड लावणारे आहेत. लावलीत तरी बिघडत नाही. खरं काम कोरडी हवा करते. आठवडाभर पाणी बंद, कापांवर पाण्याचा थेंबही नको. ऊब आणि उजेड ठीक असेल तर दोन ते चार आठवड्यांत वळ्यापाशी हिरवे-तांबूस ठिपके फुगताना दिसतात.

छाटलेले तुकडे सावलीत पाच-सहा दिवस ठेवा, काप कोरडा, कातड्यासारखा झाला की खाली दिलेल्या मातीच्या मिश्रणात, ते जवळपास कोरडं असताना खोवा. ताजे लावले तर कुजतात.

याच पद्धतीनं शेर किंवा दुसरं कुठलं युफोर्बिया छाटायला जाऊ नका. त्यांचा पांढरा चीक कातडीला झोंबतो आणि डोळ्यात गेला तर फार वाईट. हातमोजे आणि चष्मा हवाच. चीक डोळ्यात गेलाच तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यानं धुवा आणि लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

मुळं आणि माती

उजेड ठीक, पाणी ठीक, कीड नाही, तरी पानं मऊ, असं असेल तरच झाड कुंडीतून काढा. चांगली मुळं पांढरट किंवा फिकट तपकिरी आणि चिवट असतात. कुजलेलं मूळ चिमटीत धरून ओढलं की त्याची साल सटकन निघते आणि मागे नुसता दोरा राहतो. मुळांवरही पांढरा कापूस असू शकतो, तो मातीतला मिलीबग.

कुजकी मुळं कापून टाका, झाड दोन-तीन दिवस सावलीत उघडं ठेवा, मग नव्या मिश्रणात लावा. नर्सरीची लाल चिकण माती झाडून टाका, ती सुकली की विटेसारखी घट्ट होते. एक भाग बागेची माती, एक भाग जुनं शेणखत किंवा कंपोस्ट, दोन भाग खडी: चाळून धूळ काढलेली जाडी वाळू किंवा विटांचे वाटाण्याएवढे तुकडे. कोकणात चिऱ्याचे बारीक तुकडे मिळतात, तेही उत्तम. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, कमीच, पाणी फार धरतं. लावल्यावर आठवडाभर पाणी नाही.

मुळं निरोगी असतील तर कुंडी बदलणं आणि मोठी छाटणी एकाच दिवशी करू नका, महिनाभराचं अंतर ठेवा. मुळं बरीच कापावी लागली असतील तेव्हा मात्र वरचा भारही लगेच थोडा कमी करावा, कारण उरलेल्या मुळांना तेवढी पानं झेपत नाहीत.

काळं खाली उतरतंय

सगळ्यात अवघड काम हे. काळ्या भागाच्या बोटभर खाली कापा आणि कापाकडे बघा. निरोगी फांदीचा काप सालीखाली हिरवा, आत एकसारखा फिकट, ओलसर आणि टणक असतो. त्यात तपकिरी कडं किंवा तपकिरी ठिपका दिसला तर रोग अजून खाली आहे. पातं स्पिरिटनं पुसा, आणखी बोटभर खाली कापा, पुन्हा बघा. पूर्ण स्वच्छ काप दिसेपर्यंत थांबायचं नाही. एवढासा ठिपका चालेल म्हणून सोडला की महिन्याभरात ती फांदी हातची जाते. आणि दर कापानंतर पातं पुसायचंच, नाहीतर रोग आपणच खाली नेतो.

कुठे थांबायचं

खोड मातीपाशी चारी बाजूंनी मऊ लागतंय, दाबल्यावर पाणी येतंय, कुबट वास येतोय: छाटणी थांबवा, हे झाड वाचत नाही. वरच्या फांद्या तपासा, ज्यांचा काप स्वच्छ आहे त्या लावण्यासाठी ठेवा. माती फेकून द्या, दुसऱ्या कुंडीत वापरू नका.

मनगटाएवढ्या खोडाचं जुनं झाड किंवा बोन्साय असेल आणि मुख्य खोडालाच हात घालावा लागणार असेल, तर बोन्साय करणाऱ्या जाणकाराला किंवा अनुभवी नर्सरीवाल्याला बोलवा. मुख्य खोडावरचा चुकलेला काप पुढची कित्येक वर्षं दिसत राहतो. पुण्यातल्यांना जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात अशी माणसं भेटू शकतात.

एकाच वेळी अनेक कुंड्यांमध्ये तोच रोग पसरत असेल तर घरात बुरशीनाशकांचे प्रयोग करत बसू नका. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात विचारा. नमुना नेताना निरोगी आणि रोगट भाग जिथे मिळतात तो तुकडा कागदात गुंडाळून न्या. प्लास्टिकच्या पिशवीत तो घामेजून रस्त्यातच सडतो.

वरच्या मजल्याच्या कठड्यावर किंवा ग्रीलमध्ये जड कुंडी कलंडली असेल तर एकट्यानं ओढू नका, माळी किंवा आणखी दोन माणसं बोलवा. खाली रस्ता आहे.

आणि घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर क्रॅसुलाचे छाटलेले तुकडे जमिनीवर राहू देऊ नका, ते त्यांना बाधतं. पोर्टुलाकारियाचा तसा त्रास नाही. प्राण्यानं क्रॅसुला चघळलं आणि उलट्या सुरू झाल्या किंवा तो सुस्त पडला, झोकांड्या द्यायला लागला तर घरगुती उपाय न करता पशुवैद्याकडे न्या, आणि जाताना त्या झाडाची फांदी सोबत घ्या.